जिम कॉर्बेट आणि त्यांची रायफल

नरभक्षक वाघांचे कर्दनकाळ म्हणून जिम कॉर्बेट आपणा सर्वांच्या परिचयाचे आहेत. मला मात्र त्यांच्या चरित्रात सर्वांत मोलाचा वाटला तो बंदूक निवडण्याचा विवेक.

कॉर्बेट यांचा जन्म २५ जुलै १८७५ रोजी नैनिताल येथे झाला. वडील पोस्टमास्तर होते. जिम लहान असतानाच ते वारले. भावंडे पुष्कळ, मिळकत बेताची. लहानग्या जिमची पहिली बंदूक म्हणजे पितळी तारेने आवळलेली ठासणीची दुनळी. तिची एक नळी फुटलेली. पुढे कॅडेट पथकाकडून ४५० बोअरची मार्टिनी रायफल वापरायला मिळाली. अट अशी, की ती स्वच्छ ठेवायची आणि रिकामी काडतुसे परत करायची. गोळीचा हिशेब ठेवण्याची सवय तेथे लागली. कॉलेज त्यांच्या नशिबी नव्हते. तरुणपणीच ते रेल्वेच्या नोकरीत शिरले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच, म्हणून हे वाचताना मला ते जवळचे वाटले.

बोअर म्हणजे नळीच्या आतील व्यास. ५०० बोअर म्हणजे अर्धा इंच; २७५ म्हणजे सुमारे ७ मिलिमीटर. बोअर मोठा तितका मार मोठा. पण वजन आणि धक्काही वाढतो. आमच्या मंठा भागात पारावरचे जुने लोक म्हणतात, बंदूक मोठी असली की जनावर पडलेच समजा. कॉर्बेट यांचा अनुभव निराळा आहे.

१९०७ साली चंपावतच्या वाघिणीमागे जाताना त्यांच्याजवळ ५०० बोअरची रायफल होती. काडतुसे मात्र तीनच. ती संपल्यावर तहसीलदाराची बंदूक आणायला त्यांना धावावे लागले. वाघीण मेली तेव्हा तिचे उजवीकडचे वरचे व खालचे सुळे मोडलेले आढळले. कोणा शिकाऱ्याची जुनी गोळी त्याला कारण होती. नेहमीची शिकार जमेना म्हणून ती माणसांकडे वळली आणि नेपाळ व कुमाऊँ मिळून ४३६ माणसे मेली. एका चुकलेल्या नेमाची ही किंमत! जखमी जनावर किती घातक, हे रानडुकरांसाठी रात्री शेतात जागल करणाऱ्या आमच्या वडीलमंडळींना सांगावे लागत नाही.

या कामगिरीबद्दल प्रांताच्या लेफ्टनंट गव्हर्नरांनी कॉर्बेट यांना रिग्बी कंपनीची २७५ बोअरची हलकी रायफल भेट दिली. वाघासाठी त्यांच्याजवळ ४५०/४०० बोअरची जड दुनळीही होती. परंतु डोंगरात मैलोगणती चालताना हातात पेलणारी, नेम अचूक बसणारी रायफल त्यांना प्रिय होती. सरकारी नोंदीप्रमाणे १२५ बळी घेणारा रुद्रप्रयागचा बिबट्या १९२६ मध्ये याच छोट्या २७५ ने पडला. १९३० मध्ये चौगडची वाघीण अवघ्या काही फुटांवर समोर आली, तेव्हा डाव्या हातात पक्ष्याची अंडी होती. त्यांनी एकट्या उजव्या हाताने रायफल हळूहळू फिरवून गोळी झाडली.

उत्तरायुष्यात त्यांनी हौसेची शिकार सोडून कॅमेरा हाती घेतला. १९४७ मध्ये ते केनियाला गेले आणि १९ एप्रिल १९५५ रोजी न्येरी येथे निवर्तले. १९३६ मध्ये स्थापन झालेल्या उद्यानाला पुढे त्यांचे नाव मिळाले, आणि १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा आरंभ तेथूनच झाला.

आज शिकारीला कायद्याने बंदी आहे, ते योग्यच. तरी कॉर्बेट यांचा धडा आपल्यालाही लागू पडतो. हाती आलेले साधन आपल्याला पेलते का, आणि नेम चुकला तर त्याचे फळ कोण भोगणार, याचा विचार ते उचलण्यापूर्वीच करावा.