हेरॉव्स्की आणि पाऱ्याचा थेंब

पंचगंगेत मासे मेल्याची बातमी आली की आमच्या कोल्हापुरात पाण्याच्या रिपोर्टची चर्चा रंगते. एखाद्या धातूपुढे आढळला नाही असा शेरा दिसला की लोक सरळ शून्य समजतात. मला मात्र अशा वेळी यारोस्लाव्ह हेरॉव्स्की आठवतात.

जन्म 1890, प्राग. वडील रोमन कायद्याचे प्राध्यापक. शिक्षण प्राग आणि लंडनला, मग पहिल्या महायुद्धात लष्करी दवाखान्यात काम. 1918 मध्ये डॉक्टरेटच्या परीक्षेत कुचेरा नावाच्या प्राध्यापकांनी त्यांना बारीक काचनळीतून थेंब थेंब गळणाऱ्या पाऱ्याबद्दल विचारलं आणि गडी त्यातच गुंतला! पुढे बराच काळ ते थेंब गोळा करून वजन करत बसले. (मी तर आठवड्यात कंटाळलो असतो.) अखेर 10 फेब्रुवारी 1922 ला त्यांनी वजनाऐवजी थेंबातून जाणारा करंट मोजला.

व्होल्टेज हळूहळू वाढवलं की पाण्यात विरघळलेला धातू त्याच्या ठरलेल्या व्होल्टेजला करंटची पायरी दाखवतो. पायरी कुठे आली यावरून धातू ओळखायचा, आणि उंचीवरून त्याचं प्रमाण. मासुझो शिकाता या जपानी सहकाऱ्यासोबत त्यांनी हा आलेख आपोआप काढणारं यंत्रही बनवलं, पोलरोग्राफ.

पण घोळ असा, की प्रत्येक नवा थेंब म्हणजे छोटासा कपॅसिटर. तो चार्ज व्हायलाही करंट लागतो, आणि धातू फारच कमी असेल तर त्याची पायरी त्या करंटमध्ये बुडून जाते. त्यामुळे जुन्या पद्धतीची मजल शिशासाठी लिटरला साधारण 2 मिलिग्रॅमपर्यंत. आज आपल्याकडे पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा आहे 0.01 मिलिग्रॅम. 200 पट कमी! म्हणजे मर्यादेच्या शंभरपट शिसं असलेलं पाणीही त्या यंत्रातून बिनधास्त पास झालं असतं.

पुढच्या लोकांनी युक्त्या काढल्या. चार्जिंगचा करंट ओसरेपर्यंत थांबून मग मोजायचं. किंवा काही मिनिटं शिसं इलेक्ट्रोडवर साठवायचं आणि एकदम सोडवायचं. केसाहून बारीक इलेक्ट्रोडही आले. तरी तळ प्रत्येकाला असतोच. घरच्या शुगर मशीनची पट्टीही करंटच मोजते, आणि साखर फार खाली गेली की आकड्याऐवजी नुसतं लो दाखवते. म्हणून पाण्याच्या रिपोर्टमध्येही यंत्राची किमान मर्यादा लिहिली आहे का, ते आधी बघा.

हेरॉव्स्कींना 1959 मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, त्या दिवसानंतर तब्बल 37 वर्षांनी. 1967 मध्ये प्रागमध्येच ते वारले.