पत्र्याचे पंख : डॉ. वि. मा. घाटगे

बीदरच्या हवाई तळावर १९९६ साली ‘सूर्यकिरण’ पथक स्थापन झाले. त्याची लाल-पांढरी ‘किरण’ विमाने आपल्या भागातील आबालवृद्धांच्या परिचयाची होती. परंतु या विमानाचा आराखडा ज्यांच्या नेतृत्वाखाली झाला ते डॉ. विष्णु माधव घाटगे फारसे कोणास ठाऊक नाहीत.

कोल्हापूर जिल्ह्यातील हसूरचंपू येथे १९०८ साली त्यांचा जन्म झाला. जर्मनीत गटिंगेन येथे लुडविग प्रांटल या थोर शास्त्रज्ञाच्या हाताखाली त्यांनी १९३६ साली डॉक्टरेट मिळविली. वालचंद हिराचंद यांनी १९४० साली बंगळूरला विमानांचा कारखाना काढला, तेव्हा घाटगे तेथे आले.

त्यांची खरी कसोटी लागली ती ‘एच. टी.-२’ या शिकाऊ विमानात. त्यापूर्वी हवाई दलाचे नवशिके ‘टायगर मॉथ’वर शिकत, त्याचे पंख म्हणजे लाकडी सांगाड्यावर ताणलेले कापड! घाटगे यांचे विमान संपूर्ण धातूचे होते. ऑगस्ट १९५१ मध्ये ते उडाले.

धातूच्या विमानात पातळ पत्रा हे नुसते आवरण नसते, भारही तोच पेलतो. म्हणून पत्र्याचा सांधा महत्त्वाचा. रिव्हेट मारायचा तर भोक पाडावे लागते, आणि भोकाच्या काठाशी ताण एकवटतो. यावर इंग्लंडात नॉर्मन डी ब्रुइन यांनी ‘रेडक्स’ हे चिकटद्रव्य काढले. राळेचा द्रव लावायचा, वर भुकटी पसरायची, मग उष्णता आणि दाब द्यायचा. भार साऱ्या सांध्यावर पसरतो. ‘कॉमेट’ या जेट प्रवासी विमानात ते वापरले गेले. तरीही १९५४ साली दोन कॉमेट विमाने हवेत फुटली. धातूच्या थकव्याने खिडक्यांच्या कोपऱ्यांशी तडे गेले होते. शिवाय चिकटविलेल्या सांध्यातील आतला दोष डोळ्यांना दिसत नाही; सैल रिव्हेट मेकॅनिकला दिसतो. बंगळूरच्या कारखान्यात परवान्यावर ‘व्हॅम्पायर’ जेट बनत, त्यांचा मधला सांगाडा तर प्लायवूड आणि बाल्सा लाकूड चिकटवून केलेला असे.

शिकाऊ वैमानिक चुका करणारच, आणि त्या विमानाने सोसायच्या! ‘किरण’ जेट ४ सप्टेंबर १९६४ रोजी प्रथम उडाले. गुरू-शिष्य त्यात शेजारी-शेजारी बसत. पुढच्याच वर्षी घाटगे यांना पद्मश्री मिळाली. ‘मारुत’चे जर्मन आरेखक कुर्ट टांक मात्र अधिक प्रसिद्ध झाले, हे मनाला लागते.

१९९१ साली घाटगे यांचे निधन झाले. ‘सूर्यकिरण’ त्यांनी पाहिले नाही. २०११ साली पथक थांबले. पुढे ते पुन्हा सुरू झाले, तेव्हा विमान ब्रिटिश आराखड्याचे ‘हॉक’ होते.