विश्लेषण : कुट्सने पिरीला कसे दमवले?
सोव्हिएत धावपटू व्लादिमीर कुट्सची अडचण होती शेवटची फेरी. ५ हजार मीटरमध्ये १९५४ साली लंडनला ख्रिस चॅटवेने आणि जून १९५६ मध्ये बर्गनला गॉर्डन पिरीने त्याला अखेरीस मागे टाकले. दोघांनीही विश्वविक्रम केले.

मग मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये १० हजार मीटरला कुट्सने डाव बदलला. मध्येच सुसाट पळायचे, वेग कमी करायचा, पुन्हा मुसंडी मारायची. यात त्याचीही ताकद खर्ची पडत होती. पण पाठलाग करणारा पिरी आधी थकला आणि आठवा आला. कुट्सने २८ मिनिटे ४५.६ सेकंदांत सुवर्णपदक जिंकले. पाच दिवसांनी ५ हजार मीटरचेही सुवर्ण त्याचेच, पिरी दुसरा. १९७५ मध्ये कुट्सचे ४८व्या वर्षी निधन झाले.