अनाथांची माउली : पंडिता रमाबाई



जून महिना उजाडला की आपल्या देवगाव फाट्यावर पाठीला दप्तर लावलेली मुले एस.टी.ची वाट पाहताना दिसतात. त्यांना पाहून मन प्रसन्न होते. पण त्यांच्याच वयाची काही मुले त्या गर्दीत नसतात, हेही आपल्याला ठाऊक आहे. कुणाचे आईवडील ऊसतोडीला जातात आणि मुलाची शाळा अर्ध्यावर सुटते. कुणाला तर आईवडीलच उरलेले नसतात. अशा लेकरांसाठी सव्वाशे वर्षांपूर्वी एका बाईने आपले सारे आयुष्य वेचले. त्या पंडिता रमाबाईंची आज ओळख करून घेऊ या.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान होते. बायकांनी संस्कृत शिकणे हे पाप मानले जाण्याचा तो काळ. तरी त्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले. पुढे लक्ष्मीबाईंनी तीच विद्या धाकट्या रमेला दिली. हे कुटुंब तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत गावोगाव फिरे. मिळेल त्यावर गुजराण होई.

मग दुष्काळ आला. जवळचे होते नव्हते ते संपले. १८७४ च्या सुमारास उपासमारीने आणि आजाराने आधी वडील, मग आई आणि पुढे थोरली बहीण अशी एकामागून एक माणसे गेली. रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास एवढेच उरले. ती दोघे पायपीट करीत हिंदुस्थानभर हिंडली आणि १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचली. तेथील पंडितांनी तिचे ज्ञान पारखून पाहिले आणि तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. बंधुभगिनींनो, दुष्काळाने त्या मुलीचे सर्व काही हिरावून नेले. आईने दिलेली विद्या मात्र तिच्यापाशी राहिली. त्याच विद्येने तिला उभे केले. ही गोष्ट रमाबाई जन्मभर विसरल्या नाहीत.

दुःखाने मात्र पाठ सोडली नाही. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी विवाह केला. मनोरमा ही कन्या झाली. पण १८८२ च्या फेब्रुवारीत पतीला पटकीने नेले. तेविसाव्या वर्षी वैधव्य आलेल्या रमाबाई तान्ह्या लेकीला घेऊन पुण्यात आल्या. तेथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला आणि सरकारच्या हंटर आयोगापुढे स्त्रीशिक्षणाची बाजू मांडली. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील अँग्लिकन भगिनींच्या आश्रयाला असताना २९ सप्टेंबर १८८३ रोजी माय-लेकींनी बाप्तिस्मा घेतला.

१८८६ मध्ये, डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभाच्या निमित्ताने, त्या अमेरिकेस गेल्या. तेथे त्यांनी जागोजागी व्याख्याने दिली, हिंदुस्थानातील उच्चवर्णीय स्त्रीच्या स्थितीवर पुस्तक लिहिले आणि विधवांच्या शाळेसाठी मदत मागितली. १८८७ च्या डिसेंबरात बॉस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. तिने दहा वर्षे शाळेचा खर्च उचलण्याचे वचन दिले. गावोगावी लहान लहान मंडळे निघाली आणि त्यांच्या सभासदांनी वर्षाला किमान एक डॉलर देण्याचे कबूल केले. एक डॉलर म्हणजे काही राजाची देणगी नव्हे. पण पुष्कळ जणांनी दिलेल्या अशा लहान रकमांवर सातासमुद्रापलीकडची शाळा उभी राहिली.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन सुरू झाले. तेथील पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी झाल्या. १८९० मध्ये ही शाळा पुण्यास हलली. येथे एका कटू प्रसंगाचाही उल्लेख केला पाहिजे. शाळेत धर्माचा आग्रह धरला जाणार नाही, या भरवशावर घरच्यांनी मुली पाठवल्या होत्या. रमाबाईंच्या प्रार्थनेला काही मुली बसू लागल्या तेव्हा गावात खळबळ उडाली. १८९३ मध्ये न्या. रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक मुली शाळेतून काढून नेण्यात आल्या. रमाबाईंना आपली श्रद्धा लपवणे जमणारे नव्हते. पालकांना वाटणारी भीतीही खोटी नव्हती. पण या ओढाताणीत शिक्षण सुटले ते मुलींचे. गरजूला मदत करताना त्याच्या मनावर आपला हक्क सांगू नये, हा धडा आपणही घेण्यासारखा आहे.

१८९६ मध्ये मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. बातमी ऐकताच रमाबाईंना आपले बालपण आठवले. हाताशी पैसा बेताचाच होता, तरी त्या निघाल्या आणि सुमारे ३०० मुली व तरुण स्त्रिया घेऊन आल्या. त्याच सुमारास पुण्यात प्लेगने थैमान घातले होते. एवढ्या मुली शहरात ठेवता येईनात. दौंडजवळ केडगाव येथे रमाबाईंनी फळबागेसाठी जमीन घेऊन ठेवली होती. तेथे त्यांनी मुलींना नेले. तेच पुढे मुक्तिसदन झाले. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या आणि मुक्तीची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली.

या मुलींना नुसते जेवू घालून रमाबाई थांबल्या नाहीत. प्रत्येकीने अक्षर शिकावे आणि हाताला काम शिकावे, असा त्यांचा नियम होता. केडगावात शेती, विणकाम, तेलघाणा, दूधदुभते आणि छापखाना असे उद्योग चालत. आंधळ्या मुलींसाठी ब्रेल लिपीचे शिक्षण सुरू झाले. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांतून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. त्याचे खिळे जुळवण्याचे आणि छपाईचे काम मुक्तीतल्या मुलींनीच केले. दुष्काळात रस्त्याच्या कडेला सापडलेली पोर पुस्तक छापू लागली, यापेक्षा मोठा हिशेब देणगीदाराला काय द्यायचा!

आपल्या भागाशीही या कार्याचा धागा जुळतो. १९१२ मध्ये गुलबर्ग्याला मुलींची शाळा काढण्यात आली. मनोरमाबाईंनी ती सांभाळली. त्या काळी गुलबर्गा आणि आपला परभणी जिल्हा दोन्ही निजामाच्याच राज्यात होते आणि मुलींच्या शाळा फार थोड्या होत्या. जुलै १९२१ मध्ये मनोरमाबाईंचे निधन झाले. पाठोपाठ ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनीही केडगाव येथे देह ठेवला. केडगावचे मुक्ती मिशन आजही अनाथ व निराधारांचा सांभाळ करीत आहे.

रमाबाई आपल्या कॅथलिक पंथाच्या नव्हत्या. पण भुकेल्याला अन्न आणि परक्याला आसरा देण्याची प्रभू येशूची शिकवण त्या जगल्या, हे आपण आदराने मान्य केले पाहिजे.

बंधुभगिनींनो, दान आपणही करतो. सणाला कपडे देतो, वह्या वाटतो. ते चांगलेच आहे. पण मुलाची शाळा एका दिवसात पुरी होत नाही. पहिलीत टाकलेले लेकरू दहावीला पोहोचायला दहा वर्षे लागतात. बॉस्टनच्या त्या साध्या माणसांनीही दहाच वर्षांचे वचन दिले होते. आपल्यातील चार घरांनी मिळून एका मुलाची दहा वर्षांची फी, पुस्तके आणि एस.टी.चा पास एवढी जबाबदारी घेतली, तर ती कुणालाही जड जाणार नाही. घरी गेल्यावर यावर बोला. आपल्या शेजारचे, ओळखीचे असे कोणते लेकरू आहे, ते आठवून पाहा.