उंच टाचांचा सेनापती

वाचकहो, इतिहासाच्या तासाला चौदाव्या लुई राजाचे चित्र फळ्याशेजारी लावले की वर्गात हशा पिकतो, हा आम्हा शिक्षकांचा नेहमीचा अनुभव. मुलांचे लक्ष राजाच्या तलवारीकडे जात नाही की भरजरी झग्याकडे जात नाही. ते जाते थेट पायांकडे. पांढरे पायमोजे, आणि बुटांना लाल रंगाची उंच टाच! राजाने बायकांचे बूट का घातले, असे कोणीतरी विचारतेच. पूर्वी आम्हीही तो प्रश्न हसण्यावारी नेत असू. पण एकदा सारा वर्ग हसत असताना एक मुलगा मान खाली घालून गप्प बसलेला आम्ही पाहिला. त्या दिवसापासून या प्रश्नाचे उत्तर नीट द्यायचे, असे आम्ही ठरवले. आज ते उत्तर आपल्यापुढे मांडत आहोत.

पण चरित्र मात्र त्या राजाचे नाही, त्याच्या धाकट्या भावाचे आहे. लाल टाचांसाठी राजाची वाहवा झाली आणि उंच टाचांसाठी भावाची थट्टा झाली. ही गोष्ट सांगताना हॉलंडमधील युट्रेख्ट शहराचे नाव तीन वेळा येईल, आणि शेवटी ती आपल्या मॉरिशसच्या किनाऱ्याला लागेल.

आधी टाचेविषयी दोन शब्द. उंच टाच ही मुळात बायकांची नव्हेच. इराणचे घोडेस्वार टाचेचे जोडे वापरीत, कारण रिकिबीत पाय घट्ट बसे आणि रिकिबीत उभे राहून बाण मारता येई. सोळाव्या शतकाच्या अखेरीस व सतराव्या शतकाच्या आरंभी इराणशी युरोपचे दळणवळण वाढले, आणि तिकडच्या पुरुषांनी ही टाच उचलली. घोडेस्वाराची म्हणून ती मर्दानी मानली गेली. बायकांनी ती पुरुषांचे पाहून घेतली. चौदाव्या लुईच्या दरबारात तर लाल टाच ही मानाची खूण झाली. दरबारात ज्यांना प्रवेश होता अशा सरदारांनीच ती मिरवायची. अठराव्या शतकात पुरुषांनी उंच टाच सोडली, बायकांनी ठेवली, आणि दोन-तीन पिढ्यांत लोक मूळ गोष्ट विसरून गेले.

आता आपल्या चरित्रनायकाकडे वळू. फिलिपचा जन्म २१ सप्टेंबर १६४० रोजी पॅरिसजवळच्या सँ-जर्मँच्या राजवाड्यात झाला. वडील तेरावा लुई, आई ऑस्ट्रियाची ॲन. थोरला भाऊ लुई त्याच्याहून दोन वर्षांनी मोठा. १६४३ साली वडील वारले आणि पाच वर्षांचाही न झालेला लुई गादीवर बसला. राज्यकारभार आईच्या आणि कार्डिनल माझारँच्या हाती आला.

धाकट्या राजपुत्राचे काय करावे, ही त्या दोघांपुढची मोठी चिंता होती. फिलिपचे काका गास्तों यांनी आपल्या थोरल्या भावाविरुद्ध, म्हणजे राजाविरुद्धच, वारंवार बंडे केली होती. भाऊबंदकीने राज्ये कशी बुडतात हे आपल्या मराठी माणसाला वेगळे सांगायला नको. तसे पुन्हा होऊ नये म्हणून फिलिपला राजकारणापासून दूर ठेवण्यात आले. मुलींचे कपडे, दागिने, रिबिनी यांची त्याला आवड होती. ती आवड मोडण्याऐवजी मुद्दाम वाढू दिली, असे त्या काळचे लेखक सांगतात. आई त्याला लाडाने मुलगीच म्हणत असे. फ्रांस्वा द श्वाझी नावाचा एक मुलगा त्याच्याशी खेळायला येई, तोही मुलीच्या पोशाखात. पुढे धर्मगुरू होऊन आणि सयामपर्यंत प्रवास करून आलेल्या या श्वाझीनेच आपल्या आठवणींत या खेळांचे वर्णन करून ठेवले आहे.

आवड मुलाची स्वतःची होती, पण तिचा उपयोग मोठ्यांनी आपल्या सोयीसाठी केला, ही गोष्ट येथे लक्षात घेण्यासारखी आहे. ज्याची लोक थट्टा करतात त्याच्या मागे फौज उभी राहत नाही, असा त्यांचा हिशेब असावा.

१६६० साली काका वारले आणि फिलिप ओर्लेआँचा ड्यूक झाला. दरबारात मात्र त्याला नुसते मस्यू म्हणत. राजाच्या पाठच्या भावाची ती पदवीच होती. मस्यू बुटका होता आणि पुढे पोटही सुटले. केसांना कुरळे टोप, बोटांत अंगठ्या, मनगटात कंकणे, कपड्यांवर फिती, अंगाला अत्तर. त्याच्या टाचा तर इतक्या उंच की माणूस काठ्यांवर चालतो आहे असे वाटावे, असे सँ-सिमाँ या दरबारी लेखकाने नोंदवून ठेवले आहे. नृत्याच्या समारंभात तो स्त्रीवेषातही दिसे. टाच राजाच्याही बुटाला होतीच. पण राजाची टाच सत्तेची खूण ठरली आणि भावाची टाच बायकीपणाची.

घरसंसारात तो सुखी नव्हता. त्याचे मन पुरुषांवर जडत असे, विशेषतः शेवालिए द लॉरेन या देखण्या सरदारावर. १६६१ साली त्याचे लग्न इंग्लंडच्या राजाची बहीण हेन्रिएट्टा हिच्याशी झाले. नवरा मत्सरी, बायको मानी. तिचे फार हाल झाले, हे लपवण्यात अर्थ नाही. १६७० साली ती अचानक वारली, तेव्हा विषप्रयोगाची कुजबूज झाली. पुढच्या अभ्यासकांना मात्र तो आजारच वाटतो. दुसरी पत्नी एलिझाबेथ शार्लोट ही जर्मन राजकन्या. ती धिप्पाड, रांगडी, शिकारीची शौकीन. दागिने त्याला हवेत आणि शिकारी कुत्रे तिला. तिने लिहिलेल्या असंख्य पत्रांमुळे या घराची खडानखडा माहिती आपल्याला मिळते. दोघांचे खटके उडत, तरी उतारवयात त्यांच्यात समजूतदारपणा आला होता.

आता युट्रेख्टचे नाव पहिल्यांदा येते. १६७२ साली चौदाव्या लुईने हॉलंडवर प्रचंड स्वारी केली. डच लोक त्या वर्षाला आजही संकटाचे वर्ष म्हणतात. या मोहिमेत मस्यूने आयसेल नदीकाठचे झुट्फेन शहर वेढा घालून घेतले. त्याच जून महिन्यात पश्चिमेकडचे युट्रेख्ट फ्रेंचांना शरण गेले. तेथल्या डोम या मोठ्या चर्चमध्ये पुन्हा कॅथलिक पूजा सुरू झाली. डचांनी बंधारे फोडून शेतांत पाणी सोडले आणि ॲमस्टरडॅम वाचवले. १६७३ च्या नोव्हेंबरात फ्रेंच फौज युट्रेख्ट सोडून गेली. पुढल्याच वर्षी, १ ऑगस्ट १६७४ रोजी, भयंकर वादळात डोम चर्चचा मधला भाग कोसळला. तेव्हापासून त्याचा ११२ मीटर उंचीचा बुरूज चर्चपासून सुटा, एकटाच उभा आहे.

पाण्याने देश वाचवणारा डच सेनापती होता ऑरेंजचा विल्यम, जो पुढे इंग्लंडचा राजा झाला. ११ एप्रिल १६७७ रोजी तो आणि मस्यू समोरासमोर आले. मस्यूने सँतोमेर शहराला वेढा घातला होता. वेढा उठवण्यासाठी विल्यम धावून आला आणि कासेल गावाजवळ लढाई जुंपली. मस्यूच्या हाताशी दोन कसलेले मार्शल होते, उमिएर आणि लक्झेंबर्ग. यातला लक्झेंबर्ग म्हणजे युट्रेख्टमध्ये फ्रेंच फौजेचा प्रमुख राहिलेला. लढाईला निघण्यापूर्वी मस्यू आरशासमोर बराच वेळ घालवी, आणि गोळ्यांपेक्षा उन्हाने रंग काळवंडेल याचीच त्याला जास्त धास्ती, असे लोक गमतीने म्हणत. पण रणात उतरल्यावर तो मागे राहिला नाही. फळी डगमगली तेथे तो स्वतः गेला आणि शिपायांना पुन्हा पुढे घेऊन आला. विल्यमचा पुरता पराभव झाला आणि थोड्याच दिवसांत सँतोमेर पडले. त्याच वर्षी इकडे दक्षिणेत शिवाजी महाराजांनी जिंजीचा किल्ला घेतला होता, एवढे सांगितले म्हणजे काळाचा अंदाज येईल.

पॅरिसमध्ये लोकांनी मस्यूचा जयजयकार केला. आणि येथेच त्याचे दुर्दैव ओढवले. जो भाऊ हसण्याचा विषय म्हणून वाढवला, तो विजयी सेनापती निघाला! लुईने उघडपणे कौतुक केले, पण त्यानंतर कोणत्याही मोठ्या लढाईत त्याला फौजेचे नेतृत्व दिले नाही. सदतीसाव्या वर्षाच्या आतच एका समर्थ सेनापतीची कारकीर्द संपली. ती टाचांनी संपवली नाही, भावाच्या मत्सराने संपवली.

उरलेले आयुष्य मस्यूने सँ-क्लूचा महाल, बागा आणि चित्रसंग्रह यांत घालवले. ओर्लेआँचा कालवा त्याच्या काळात खणला गेला. पॅरिसचा पॅले-रॉयाल त्याच्या घराण्याकडे आला. १७०१ च्या जूनमध्ये, मुलाच्या हक्कावरून त्याचे राजाशी कडाक्याचे भांडण झाले. त्याच रात्री झटका येऊन तो कोसळला आणि दुसऱ्या दिवशी, ९ जूनला, वारला. लुईचे लाल टाचांचे ते प्रसिद्ध चित्रही १७०१ चेच.

युट्रेख्टचे नाव दुसऱ्यांदा येते ते तहासाठी. ११ एप्रिल १७१३ रोजी, म्हणजे कासेलच्या विजयाच्याच तारखेला, युट्रेख्टमध्ये युरोपातले मोठे युद्ध मिटवणारे करार झाले. त्यांनुसार मस्यूच्या मुलीचा नवरा सिसिलीचा राजा झाला आणि मुलगी राणी झाली. स्पेनच्या राजाने फ्रान्सच्या गादीवरचा हक्क सोडल्यामुळे बालराजानंतरचा हक्क मस्यूच्या मुलाकडे आला. १७१५ साली लुई वारला, तेव्हा पाच वर्षांच्या पंधराव्या लुईच्या नावाने कारभार पाहिला तो याच मुलाने.

तिसऱ्यांदा युट्रेख्टचे नाव घेताना मन जड होते. १७३० साली त्या एकट्या बुरुजाच्या परिसरातून एक चौकशी सुरू झाली आणि पुरुषांवर प्रेम करणाऱ्या पुरुषांची धरपकड साऱ्या हॉलंडभर पसरली. कित्येकांना फाशीसारख्या शिक्षा झाल्या. ती सामान्य माणसे होती. त्यांचा भाऊ राजा नव्हता. मस्यूला दरबाराने हसून सोडले, त्यांना न्यायालयाने मारले. १९९९ साली युट्रेख्टने बुरुजाजवळच्या चौकात त्यांच्या स्मरणार्थ जमिनीत एक शिळा बसवली आहे. बुरुजाकडे वर पाहत चालणाऱ्याने तेथे खालीही पाहावे.

वाचकहो, ही सारी दूरदेशीची कथा वाटेल, पण आपण तिच्यापासून लांब नाही. आपल्या बेटाला मॉरिशस हे नाव डचांनी १५९८ साली राजपुत्र मॉरिसवरून दिले. तो विल्यमच्या आजोबांचा भाऊ. डच १७१० साली बेट सोडून गेले आणि २० सप्टेंबर १७१५ रोजी फ्रेंच कप्तानाने ते ताब्यात घेतले. तेव्हा फ्रान्सचा कारभार मस्यूच्या मुलाच्या हाती येऊन तीन आठवडेही झाले नव्हते. आणि आपली राजधानी पोर्ट लुई ज्याच्या नावाने ओळखली जाते असे आपण शाळेत शिकतो, तो पंधरावा लुई आईच्या बाजूने मस्यूचाच पणतू. बेटाचे नाव कासेलला हरलेल्याच्या घराण्याचे, राजधानीचे नाव जिंकलेल्याच्या पणतूचे!

आपल्या पूर्वजांनी कोकणातून येताना नाटकाची आवड बरोबर आणली. स्त्रीवेषातल्या बालगंधर्वांना महाराष्ट्राने डोक्यावर घेतले. त्यांची साडी नेसण्याची रीत घरंदाज बायकांनी उचलली. रंगमंचावर आपण हे कौतुकाने पाहतो. मग तसाच शौक एखाद्याने घरी किंवा रस्त्यावर केला तर आपल्याला हसू का यावे? मस्यूच्या अंगी दोष पुष्कळ होते. पहिल्या पत्नीशी तो वाईट वागला, आवडत्या माणसांवर पैसा उधळला. त्यासाठी त्याला जरूर नावे ठेवावीत. पण त्याचे बूट हा काही त्यातला दोष नव्हे.

आता इतिहासाच्या तासाला हशा पिकला की आम्ही मुलांना घोडेस्वाराची रिकीब सांगतो, मग कासेलची लढाई सांगतो. हसू आपोआप थांबते आणि प्रश्न सुरू होतात. मान खाली घालून बसलेला तो मुलगा आता शाळा सोडून गेला आहे. त्याच्या मनात त्या दिवशी काय होते ते आम्ही विचारले नाही, आणि विचारायचा आम्हाला अधिकारही नव्हता. पण हे उत्तर त्या दिवशीच द्यायला हवे होते, ही रुखरुख मात्र राहिली आहे.