सांगलीत जन्मलेल्या भक्ती बर्वे वाईच्या कार्यक्रमाहून परतल्याच नाहीत. आता एआय त्यांची फुलराणी परत आणू शकेल का?

१२ फेब्रुवारी २००१. सातारा जिल्ह्यातल्या वाईत कार्यक्रम करून एक अभिनेत्री गाडीने मुंबईला परत निघाली होती. कार्यक्रमाचं नाव होतं, पु. ल., फुलराणी आणि मी. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर भाताण बोगद्याजवळ गाडीला अपघात झाला आणि मराठी रंगभूमीची फुलराणी गेली. भक्ती बर्वे तेव्हा अवघ्या ५२ वर्षांच्या होत्या.

आज गेलेल्या कलाकारांना पडद्यावर परत आणण्याची लाट आलीये. डिसेंबर २०२३ मध्ये वारलेले तमिळ अभिनेते विजयकांत २०२४ च्या 'द गोट' सिनेमात एआयच्या मदतीने दिसले. त्याच वर्षी 'लाल सलाम'मध्ये ए. आर. रेहमान यांनी बंबा बाक्या आणि शाहुल हमीद या दिवंगत गायकांचे आवाज वापरले. मग भक्ती बर्वेंचं काय? त्यांची मंजुळा पुन्हा उभी करता येईल का?

त्यासाठी आधी ही बाई कोण होती, ते बघायला पाहिजे.

भक्ती बर्वेंचा जन्म १० सप्टेंबर १९४८ चा, सांगलीचा. सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात ते उगाच नाही. १८४३ मध्ये विष्णुदास भावेंनी इथेच 'सीता स्वयंवर' केलं आणि मराठी नाटकाची सुरुवात झाली असं मानलं जातं. देवल आणि खाडिलकर हे दोन मोठे नाटककारही याच मातीतले.

भक्ती बर्वे घडल्या मात्र मुंबईत. सुधा करमरकरांच्या लिटल थिएटरच्या बालनाट्यांमधून त्या लहानपणीच रंगमंचावर आल्या. पुढे आकाशवाणीवर निवेदन केलं, मुंबई दूरदर्शनवर दिसू लागल्या. माइकसमोर शब्द कसा टाकायचा, कुठे थांबायचं, कुठे श्वास घ्यायचा, हे तिथे पक्कं झालं. विजया मेहतांनी बसवलेल्या 'अजब न्याय वर्तुळाचा'मध्येही त्यांनी काम केलं.

आणि मग आलं १९७५ साल.

पु. ल. देशपांडेंनी बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून 'ती फुलराणी' लिहिलं. भाषेचा एक प्राध्यापक पैज लावतो की रस्त्यावर फुलं विकणाऱ्या अशिक्षित मुलीला तो अशी भाषा शिकवेल की ती बड्या लोकांत सहज खपून जाईल. सतीश दुभाषी झाले प्राध्यापक आणि भक्ती बर्वे झाल्या मंजुळा.

ही भूमिका सोपी नव्हती. नाटक सुरू होतं तेव्हा मंजुळाची बोली रांगडी, आवाज चढा, अंगात ठसका. शेवटाकडे तीच मुलगी शुद्ध, तोलून मापून बोलते. अधल्यामधल्या सगळ्या पायऱ्या प्रेक्षकांसमोरच चढायच्या. भाषा बदलली तरी आतली मंजुळा तीच आहे, हेही दिसलं पाहिजे. भक्ती बर्वेंनी ते असं केलं की फुलराणी हे त्यांचं दुसरं नावच झालं. प्राध्यापकाला धडा शिकवायची स्वप्नं रंगवणाऱ्या मंजुळाचा त्यांचा प्रवेश आजही यूट्यूबवर बघितला जातो.

नाटक न बघितलेल्यांनी त्यांना वेगळ्याच रूपात बघितलंय. १९८३ च्या 'जाने भी दो यारों'मधली शोभा सेन आठवतेय? दोन भोळ्या फोटोग्राफरना कामाला लावणारी 'खबरदार'ची धूर्त संपादिका? त्या भक्ती बर्वे. पण अशा सिनेमाच्या भूमिका मोजक्याच. त्यांचा खरा संसार रंगमंचावरच होता. 'हँड्स अप', 'आई रिटायर होतेय' अशी नाटकं गाजली. १९९० मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. अभिनेते शफी इनामदार हे त्यांचे पती. १९९६ मध्ये ते गेले. जून २००० मध्ये पु. ल. गेले आणि पुढच्या आठच महिन्यांत वाईहून परतताना फुलराणीही.

आता एआयचा प्रश्न.

गेलेला कलाकार परत आणायचा तर साधारण तीन गोष्टी लागतात. एक, चेहऱ्याची वेगवेगळ्या कोनांतली भरपूर चित्रं. दोन, आवाजाचं स्वच्छ रेकॉर्डिंग. तीन, कॅमेऱ्यासमोर प्रत्यक्ष अभिनय करणारा दुसरा माणूस. २०१६ च्या 'रोग वन'मध्ये १९९४ साली वारलेले पीटर कुशिंग दिसले, पण सेटवर गाय हेन्री हा नट उभा होता. कुशिंगचा चेहरा नंतर त्याच्यावर बसवला गेला. थोडक्यात, चेहरा मेलेल्याचा आणि अभिनय जिवंत माणसाचा.

सिनेनटाच्या बाबतीत हा मालमसाला मिळतो. नाटकाच्या नटाचं तसं नसतं. प्रयोग रोज नवा होतो आणि पडदा पडला की संपतो. हशा आला की नट थांबतो, शांतता पडली की आवाज खाली आणतो. यूट्यूबवरचा प्रवेश म्हणजे एका वेळचं एक रूप. मशीन तेवढंच शिकणार.

दुसरा मुद्दा परवानगीचा. रेहमान यांनी दोन्ही गायकांच्या कुटुंबीयांची परवानगी घेतली, मानधनही दिलं. पण भारतात गेलेल्या कलाकाराच्या चेहऱ्याला आणि आवाजाला संरक्षण देणारा वेगळा कायदा नाही. सुशांत सिंह राजपूतच्या वडिलांनी त्याच्यावरच्या सिनेमाविरोधात दाद मागितली, तेव्हा जुलै २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने खासगीपणाचा आणि प्रसिद्धीचा हक्क माणसाबरोबरच संपतो अशी भूमिका घेतली. कॅलिफोर्नियाने मात्र २०२४ मध्ये दिवंगत कलाकारांच्या डिजिटल प्रतिकृतीसाठी वारसांची संमती बंधनकारक करणारा कायदा केला.

गंमत म्हणजे 'ती फुलराणी' नाटकाचा गाभाही हाच आहे. प्राध्यापक पैज जिंकतो, कौतुक त्याचं होतं. पण जिची बोली बदलली, तिला काय वाटतं हे कुणी विचारतच नाही. मंजुळाचा सगळा संताप त्यावरच आहे. आपण कुणाच्या प्रयोगातली वस्तू नाही, माणूस आहोत, एवढंच तिला सांगायचंय. उद्या कुणी भक्ती बर्वेंच्या आवाजात त्यांनी कधीच न म्हटलेली वाक्यं वदवून घेतली, तर हाच प्रश्न पुन्हा उभा राहील. फरक इतकाच की मंजुळा प्राध्यापकाला तोंडावर सुनावू शकली. भक्ती बर्वे काहीच म्हणू शकणार नाहीत.

आणि फुलराणीला परत आणायचा जुना मार्ग तर मराठी रंगभूमीकडे आधीपासून आहे. प्रिया तेंडुलकर, सुकन्या कुलकर्णी, अमृता सुभाष, हेमांगी कवी, प्रत्येकीने आपापली मंजुळा उभी केली. कुणीही भक्ती बर्वेंचा चेहरा उसना घेतला नाही. तुलना झाली, टीकाही झाली, पण फुलराणी जिवंत राहिली.

भक्ती बर्वेही अखेरपर्यंत तेच करत होत्या. मंजुळा पहिल्यांदा साकारल्याला २६ वर्षं झाली होती, तरी त्या फुलराणीची गोष्ट घेऊन वाईच्या प्रेक्षकांसमोर स्वतः उभ्या राहिल्या होत्या.