हुंड्यात मुंबई घेऊन गेलेली राणी कॅथरीन



२५ नोव्हेंबर हा अलेक्झांड्रियाच्या संत कॅथरीनचा सण. १६३८ साली याच दिवशी पोर्तुगालमधील व्हिला व्हिसोझा या गावी ब्रागांझा नावाच्या सरदार घराण्यात एक मुलगी जन्मली. तिलाही कॅथरीन हेच नाव मिळाले. ही मुलगी पुढे इंग्लंडची राणी झाली. शाळेत आपण सर्वांनी एक ओळ पाठ केलेली आहे की, पोर्तुगीजांनी मुंबई बेट इंग्लंडच्या राजाला हुंड्यात दिले. परीक्षेत त्या ओळीला एक गुण मिळत असे. पण जिच्या लग्नात हा हुंडा दिला ती मुलगी कोण होती आणि तिचे पुढे काय झाले, हे कोणी सांगितले नाही. आज तिची गोष्ट सांगावी असे आम्हाला वाटते.

खामगावचा आणि मुंबईचा संबंध जुना आहे. आपल्या बाजारातला कापूस एकेकाळी मुंबई बंदरातून इंग्लंडच्या गिरण्यांना जाई. त्याच कापसासाठी १८७० साली जलंब ते खामगाव हा रेल्वेचा फाटा सुरू झाला. तेव्हा मुंबई इंग्रजांकडे कशी गेली ही गोष्ट आपल्यालाही परकी नाही.

तहाचे एक कलम

कॅथरीन जन्मली तेव्हा पोर्तुगाल स्पेनच्या राजाच्या अमलाखाली होता. साठ वर्षांच्या त्या अमलाविरुद्ध १ डिसेंबर १६४० रोजी पोर्तुगीज सरदारांनी उठाव केला आणि कॅथरीनच्या वडिलांना, म्हणजे ब्रागांझाच्या ड्यूकला, चौथा जॉन म्हणून गादीवर बसवले. अशा प्रकारे दोन वर्षांची कॅथरीन राजकन्या झाली. स्पेनने मात्र हा उठाव मान्य केला नाही. युद्ध अठ्ठावीस वर्षे चालले.

कॅथरीनचे शिक्षण धर्मभगिनींच्या मठात झाले. ती क्वचितच बाहेर पडे. प्रार्थना, संगीत आणि भरतकाम यांत तिचे दिवस गेले. १६५६ मध्ये वडील वारले. भाऊ सहावा अल्फान्सो लहान, म्हणून आई लुइझा हिने राज्याची सूत्रे हाती घेतली. लुइझा मूळची स्पेनच्या एका बड्या घराण्यातली, पण सासरच्या बाजूने माहेरच्या राजाशी लढणारी. बाई मोठी धोरणी होती.

त्या काळी युरोपात राजकन्या म्हणजे तहाचे एक कलमच असे. दोन राज्यांची मैत्री व्हायची असली, की एका राजाची मुलगी दुसऱ्या राजाच्या घरी द्यायची. तिला कोणी विचारत नसे. कॅथरीनसाठी फ्रान्सचा राजा चौदावा लुई याचा विचार झाला होता. पण १६५९ मध्ये फ्रान्स आणि स्पेन यांचा तह झाला आणि पुढच्या वर्षी लुईचे लग्न स्पेनच्या राजकन्येशी लागले. पोर्तुगाल एकटा पडला. त्याच वर्षी, १६६० मध्ये, इंग्लंडच्या गादीवर दुसरा चार्ल्स परत आला. त्याच्या डोक्यावर कर्ज होते आणि त्याला बायको हवी होती. लुइझाने त्याच्याकडे बोलणी लावली.

बोलणी मोडावीत म्हणून स्पेनच्या वकिलाने खूप खटपट केली. या मुलीला मूल होणार नाही, अशी वदंताही उठवण्यात आली. लग्नाआधीच मुलीवर हा शिक्का मारला गेला.

तरीही २३ जून १६६१ रोजी करार झाला. पोर्तुगालने द्यायचे होते वीस लाख क्रुझादो रोख, आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचे टँजियर, आपल्याकडचे मुंबई बेट आणि शिवाय ब्राझील व पूर्वेकडील बंदरांत व्यापाराची मोकळीक. बदल्यात इंग्लंडने स्पेनविरुद्ध सैन्य आणि जहाजे द्यायची. युद्धाने रिकाम्या झालेल्या खजिन्यात एवढी रोकड कुठली? ठरलेल्या रकमेपैकी निम्मीच जमली. त्यातही साखर आणि मसाले जहाजावर चढवून भरपाई करावी लागली.

परक्या घरी

एप्रिल १६६२ मध्ये तेवीस वर्षांच्या कॅथरीनने लिस्बन सोडले. मे महिन्यात ती पोर्ट्समथ बंदरात उतरली आणि आल्याबरोबर तापाने आजारी पडली. २१ मे रोजी लग्न झाले. आधी खोलीत, मोजक्या माणसांसमोर कॅथलिक पद्धतीने, आणि मग सर्वांसमक्ष अँग्लिकन पद्धतीने. तिला इंग्रजी येत नव्हते. नवराबायको स्पॅनिशमध्ये बोलत. इंग्लंड प्रोटेस्टंट देश होता आणि तिने आपला धर्म सोडला नाही, म्हणून तेवीस वर्षे राणी असूनही तिच्या डोक्यावर मुकुट कधी चढवला गेला नाही.

खरे दुःख निराळेच होते. राजाचे बार्बरा पामर नावाच्या विवाहित स्त्रीशी उघड संबंध होते. राणीच्या खासगी सेवेत ठेवायच्या स्त्रियांची यादी आली, तेव्हा त्यात हेच नाव होते. कॅथरीनने ते खोडले. पुढे राजाने त्या बाईला स्वतःच हाताला धरून तिच्यासमोर आणले. ती कोण आहे हे कळताच राणीच्या नाकातून रक्त वाहू लागले आणि ती बेशुद्ध पडली. राजाने हट्ट सोडला नाही. तिच्याबरोबर आलेल्या बहुतेक पोर्तुगीज माणसांना त्याने मायदेशी धाडले. दूरच्या गावी दिलेल्या मुलीला जवळचे कोणीच उरू नये, असा तो प्रकार होता. अखेर कॅथरीनने हार मानली आणि त्या बाईला आपल्या सेवेत घेतले.

तिने हे योग्य केले का, हे ठरवणारे आम्ही कोण? एवढेच सांगता येते की, त्यानंतर तिने मनात कडवटपणा वाढू दिला नाही. राजाला इतर स्त्रियांपासून बाराहून अधिक मुले झाली. त्यांच्याशीही ती सौजन्याने वागली.

तिला स्वतःला मात्र मूल झाले नाही. काही वेळा दिवस गेले, पण गर्भ टिकला नाही. १६६३ च्या शरद ऋतूत ती मरणाच्या दारात होती. तापाच्या भरात आपल्याला मुले झाली आहेत असे तिला वाटे आणि ती त्यांच्याविषयी विचारी. राजा उशाशी बसून रडला. तीही खुळी समजूत न मोडता तो तिला हो हो म्हणत राहिला.

दोन कॅथरीन

येथे आणखी एका राजकन्येची आठवण होते. स्पेनची कॅथरीन ऑफ अॅरॅगॉन १५०१ साली, पंधराव्या वर्षी, इंग्लंडला दिली गेली. पुढे ती आठव्या हेन्रीची राणी झाली. मुलगा झाला नाही म्हणून हेन्रीने तिला १५३३ मध्ये दूर केले आणि त्यापायी इंग्लंडची ख्रिस्तसभा रोमपासून तुटली. सव्वाशे वर्षांनी त्याच सिंहासनाशेजारी दुसरी कॅथलिक कॅथरीन बसली होती आणि तिलाही मूल नव्हते. राजाने घटस्फोट घ्यावा, दुसरे लग्न करावे, असा सल्ला मोठमोठे लोक देत होते. चार्ल्स एकनिष्ठ पती कधीच नव्हता, पण हा सल्ला त्याने ऐकला नाही.

१६७८ मध्ये तर तिच्या जिवावरच बेतले. टायटस ओट्स नावाच्या खोटारड्या माणसाने कॅथलिकांनी राजाला मारण्याचा कट केल्याची आवई उठवली. देश पेटला. धर्मगुरू आणि प्रापंचिक मिळून अनेक निरपराध कॅथलिक फासावर गेले. नोव्हेंबरमध्ये ओट्सने पार्लमेंटसमोर थेट राणीवर आरोप केला की, राजावर विषप्रयोग करण्यात तिचा हात आहे. राजाने स्वतः ओट्सची उलटतपासणी घेतली आणि त्याचे खोटे पकडले. तो राणीच्या पाठीशी उभा राहिला. तिचा वैद्य सर जॉर्ज वेकमन १६७९ मध्ये न्यायालयातून निर्दोष सुटला.

फेब्रुवारी १६८५ मध्ये राजा मृत्युशय्येवर पडला. कॅथरीन त्याच्यापाशी गेली, पण दुःखावेगाने तिला भोवळ आली आणि तिला उचलून न्यावे लागले. तिने निरोप धाडून पतीची क्षमा मागितली. त्यावर राजाने कळवले की, क्षमा तर मीच तिची मागायला हवी. त्याच रात्री फादर जॉन हडलस्टन यांना मागच्या दाराने गुपचूप आणण्यात आले. चौतीस वर्षांपूर्वी, वुस्टरच्या लढाईनंतर, याच फादरांनी पळत्या चार्ल्सला लपवण्यास मदत केली होती. आता ते राणीच्या परिवारात होते. त्यांच्याकडे पापनिवेदन करून राजाने कॅथलिक श्रद्धा स्वीकारली आणि ६ फेब्रुवारीला तो वारला.

माहेरी

कॅथरीन आणखी काही वर्षे इंग्लंडमध्ये राहिली. १६८८ मध्ये तिचा कॅथलिक दीर दुसरा जेम्स पदच्युत झाला आणि कॅथलिकांचे दिवस पुन्हा कठीण आले. १६९२ मध्ये तिने इंग्लंड सोडले आणि पुढच्या वर्षाच्या आरंभी, तीस वर्षांनंतर, ती लिस्बनला पोहोचली. वयाच्या पासष्टीनंतर तिच्यातली लुइझाची लेक दिसून आली. भाऊ दुसरा पीटर आजारी असताना तिने पोर्तुगालचा कारभार हाती घेतला. देश पुन्हा स्पेनशी युद्धात होता. तिने तो उत्तम सांभाळला. ३१ डिसेंबर १७०५ रोजी ती प्रभूघरी गेली. लिस्बनच्या साओ व्हिसेंते द फोरा या मठमंदिरात आज ती विसावली आहे.

इंग्रजांना चहाची गोडी लावण्याचे श्रेय तिला दिले जाते. चहा तिच्या आधीच तिथे पोहोचला होता, पण राणी रोज पिते म्हणून तो दरबारात आणि मग घराघरात गेला.

आणि आपली मुंबई?

कॅथरीनने मुंबई कधी पाहिली नाही. सर अब्राहम शिपमन चारशे सैनिक घेऊन १६६२ मध्ये बेट ताब्यात घ्यायला आला. गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयने ते देण्यास नकार दिला. शिपमन आणि त्याचे बहुतेक सैनिक अंजदीव बेटावर रोगराईने मेले. शेवटी १८ फेब्रुवारी १६६५ रोजी हम्फ्री कुक याने उरलेल्या मूठभर माणसांनिशी मुंबई ताब्यात घेतली. राजाला हे बेट परवडेना. २७ मार्च १६६८ रोजी त्याने ते वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकले. एका मुलीच्या आयुष्याच्या बदल्यात जे मिळाले, त्याची सहा वर्षांत ही किंमत झाली.

बेटावरच्या कोळी, भंडारी, कुणबी लोकांनाही कोणी विचारले नव्हते. मात्र करारात एक कलम होते की, तेथील रहिवाशांना आपला कॅथलिक धर्म पाळण्याची मुभा राहील. ज्या देशात राणीलाच आपला धर्म पाळणे जड गेले, त्या देशाकडून हे वचन घेतले गेले होते.

भाविकहो, भारतात हुंडाबंदीचा कायदा १९६१ साली झाला. तरी नाताळनंतर लग्नाच्या बैठका सुरू होतील, तेव्हा देण्याघेण्याचे शब्द कुठल्या ना कुठल्या नावाने निघतीलच. कधी भेट म्हणून, कधी हौस म्हणून. त्या वेळी आत स्वयंपाकघरात चहाचा ट्रे भरत उभी असलेली मुलगी काय ऐकत असते, याचा आपण विचार करू या. तसेच आपल्या धर्मग्रामात ज्या जोडप्यांना मूल नाही, त्यांना मिस्सानंतर बाहेर भेटल्यावर आपण काय विचारतो, हेही आठवू या. कॅथरीनला तो प्रश्न तेवीस वर्षे विचारला गेला. या रविवारी विश्वासू जनांच्या प्रार्थनेत अशा जोडप्यांसाठी आणि लग्न ठरत असलेल्या आपल्या लेकींसाठी एक विनंती जरूर करू या.